सैल धरणारं

पडद्यावरची पेशी जिवंत होती. तिच्या आत कॅल्शियमचं एक इवलंसं कोठार असतं. कॅल्शियम धरलं की चमकणारं एक प्रथिन आम्ही तिथे पोचवलं होतं. मग कोठार रिकामं करणारं औषध घातलं, तरी हिरवा उजेड तसूभर हलेना.

"अगं, हे प्रथिन फार घट्ट धरतं," माझी सहकारी शुभदा म्हणाली. "निम्मं कोठार रिकामं झालं तरी ते सोडायचं नाही. सैल धरणारं घे."

सैल धरणारं घेतलं. औषध पडताच उजेड मावळला, आणि औषध धुतल्यावर हळूहळू परत आला. कोठार रितं होऊन पुन्हा भरताना मी डोळ्यांनी पाहिलं. ज्याला सोडता येतं त्यालाच बदल कळतो, हे आता मी छातीठोकपणे सांगेन.

घरी मात्र लेक कॉलेजातून आली की मी तिला दारातच प्रश्नांनी धरते, आणि रोज तेच "काही नाही" ऐकते. त्या संध्याकाळी काहीच विचारलं नाही. तिला चहा दिला आणि कणीक मळायला घेतली.

"आई, आज ना वर्गात..." ती आपणहून म्हणाली.

तिला जवळ ओढायला हात शिवशिवले. मी ते कणकेतच ठेवले.