शकुताई आणि कोणाच्याच नसलेल्या मांजरी

शकुताई गेली त्या दिवशी मी बुलढाण्याला मुलीकडे होते. दुपारी अमडापूरहून आमच्या ह्यांचा फोन आला. हे फोनवर कधी सरळ मुद्द्यावर येत नाहीत. आधी वांग्याचा भाव सांगितला, मग विहिरीवरची मोटार जळाल्याचं सांगितलं, आणि मग म्हणाले, "शेजारची शकुताई गेली." मी विचारलं, कुठं गेली? खरंच मला तसंच वाटलं. लग्नसराई तोंडावर आलेली, गिऱ्हाइकांचे ब्लाऊज कापून ठेवलेले, आणि ही बाई ते सगळं टाकून पुन्हा कुठल्या तरी मांजरीमागं चिखलीला निघाली असणार, असं मनात येऊन मला आधी रागच आला. ह्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा कळलं. सकाळी मशीनवर बसल्या बसल्याच तिची मान खाली गेली होती.

आमचं शेवटचं बोलणं भांडणाचं होतं. बुलढाण्याला निघायच्या सकाळी तिच्याकडची पांढरी मांजर आमच्या दुधाच्या पातेल्यावरचं झाकण पाडून गेली, आणि मी परसातल्या भिंतीवरून तिला चांगलंच सुनावलं. तिनं मशीन न थांबवता उत्तर दिलं की झाकणावर वरवंटा ठेवत जा. लोक मला विचारतात, आता त्याचं वाईट वाटत असेल ना? नाही वाटत. मी गोड बोलले असते तर तिलाच शंका आली असती की हिला आज काय झालं.

माळ्यांच्या गल्लीतलं शेवटचं घर आमचं आणि तिथून सुरू होणाऱ्या बौद्ध वस्तीतलं पहिलं घर तिचं. मध्ये एक भिंत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, हे भाजीपाला पिकवतात. ती ब्लाऊज शिवायची. नवरा लवकर गेलेला, मुलगा पुण्यात एका कंपनीत. पण तिथं त्याचंच भागत नव्हतं, तर तो घरी काय पाठवणार. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली मशीन, आणि बाजूला कापडाच्या चिंध्यांचा ढीग. रेडिमेड ब्लाऊज बाजारात आल्यापासून तिचं काम लग्नसराईपुरतं उरलं होतं. तरी कोणाचं काही घ्यायचं नाही हा हट्ट. वाटीभर भाजी पाठवली तर वाटी रिकामी परत यायची नाही. निदान चार हिरव्या मिरच्या तरी त्यात यायच्याच, आणि त्या बहुतेक आमच्याच शेतातल्या असायच्या, कारण बाजारात आमचे हेच विकायला बसलेले असत.

त्या चिंध्यांच्या ढिगात एक तिरंगी मांजर येऊन राहिली. शकुताईनं तिचं नाव चिंधी ठेवलं. चिंधी खायची शकुताईकडे, पण व्यायची आमच्या पोटमाळ्यावर, टमाट्याच्या रिकाम्या कॅरेटांमध्ये. पहिल्या पिल्लांचं आम्हाला कौतुक वाटलं, दोन्ही वस्त्यांतली पोरं बघायला आली, तीन-चार घरांनी एकेक पिल्लू नेलंही. दुसऱ्या खेपेला कौतुक कमी झालं. त्यानंतर पहिल्या पिल्लांनाही पिल्लं झाली आणि आमच्या स्वयंपाकघरात उघडं काही ठेवायची सोय राहिली नाही. मी तिला म्हणायचे, तुझ्या मांजरींना आवर. ती म्हणायची, "माह्या कशाच्या? बाळंतपणं तं तुह्याकडे होऊन राह्यले."

पिल्लं व्हायची बंद व्हावीत म्हणून गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात तिनं विचारून पाहिलं. तिथं गाई-म्हशी, शेळ्या. मांजरीच्या ऑपरेशनची सोय नव्हती. चिखलीला एका तरुण डॉक्टरांचा खाजगी दवाखाना होता. त्यांनी जो खर्च सांगितला त्यात शकुताईचा महिन्याचा किराणा, वीजबिल आणि गॅसची टाकी निघाली असती. ती तशीच परत आली. मी म्हणाले, मी देते पैसे, मला पेन्शन आहे. तिनं हातातली कात्री खाली ठेवली.

"तू पैसे देशीन तं मांजर तुही होईन."

"होऊ दे ना."

"मंग मी भाकर कोणाले घालू?"

मी म्हटलं, बरं, निम्मे तू दे, निम्मे मी देते. तर मला विचारते, मागची निम्मी तुझी की पुढची? मी उठून घरी आले. दोन दिवस बोलले नाही. तेवढ्यात पोटमाळ्यावर आणखी चार पिल्लं झाली.

मग एक दिवस ते घडलं, जे आपल्याकडे सगळीकडेच घडतं आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही. समोरच्या विश्वनाथनं ती पिल्लं खताच्या पोत्यात घातली आणि गावाबाहेर नाल्याच्या कडेला टाकून आला. तो काही दुष्ट माणूस नाही. त्याच्या ज्वारीच्या कणग्यांवर मांजरी घाण करत होत्या, आणि त्याच्या बापानं, आज्यानं असंच केलं होतं. शकुताईला कळलं तेव्हा ती एका नवरीच्या मावशीचं माप घेत होती. गळ्यातली टेप तशीच ठेवून ती निघाली. अर्धा तास आपण हात वर करून बसलो होतो, असं ती मावशी पुढं सगळ्यांना सांगत फिरली. शकुताई परत आली तेव्हा तिच्या पदरात पिल्लं होती. तीन हलत होती, एक नव्हतं हलत. ते तिनं परसात कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. त्या दिवशी तिचं मशीन चाललं नाही. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज आला नाही की मला घरात करमत नसे, म्हणून मी तिच्याकडे गेले. मला वाटलं ती विश्वनाथला शिव्या देईल. पण ती म्हणाली, "त्याच्यावर काय राग धरू सुधा? पिल्लं झालीच नसती तं टाकले असते काय?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चिखलीला गेली. डॉक्टरांशी काय बोलली देव जाणे, पण असं ठरवून आली की दहा-बारा मांजरी एकाच दिवशी आणल्या तर ते निम्म्याहून कमी पैशांत करून देतील. एकदा मांडामांड केली की एकामागून एक उरकता येतं, एकदा फोडलेली औषधाची बाटली वाया जात नाही, असं त्यांनी तिला समजावलं होतं. आता मांजरी होत्याच तेवढ्या. फक्त त्या कोणाच्याच नव्हत्या. शकुताई दोन्ही वस्त्यांत घरोघर गेली. प्रत्येक घरी तेच उत्तर. ती होय, येते कधीकधी, पण आमची नाही. आम्ही पाळलेली नाही. दूध पिते, पण आमची नाही. मी एकदोन घरी तिच्याबरोबर गेले आणि माझंच डोकं फिरलं. ती मात्र प्रत्येक ठिकाणी शांतपणे विचारायची, "उंदीर धरते तवा कोणाची असते?" लोक हसायचे, आणि तेवढ्यावरच राहायचं.

शेवटी तिनं एक युक्ती काढली. बायकांना सांगितलं की लग्नसराईचे ब्लाऊज माझ्याकडेच टाका, शिलाईचे पैसे आत्ता मांजरीसाठी द्या, शिलाई नंतर त्यातून वळती करते. बायकांना हे पटलं. ब्लाऊज तर शिवायचेच होते. एकेका घरानं एकेका मांजरीचे पैसे काढले. विश्वनाथच्या बायकोनंही काढले. हे सगळं मला उशिरा समजलं, आणि समजलं तेव्हा मी तिच्यावर खूप चिडले. म्हटलं, अगं वेडे, म्हणजे सगळे पैसे तुझेच झाले. अख्खी लग्नसराई तू फुकट राबणार, आणि ह्या बायका ऐटीत सांगणार की आम्ही मांजरीचं ऑपरेशन केलं. माझे पैसे चालत नव्हते, आणि हे चालतं?

ती दोऱ्याचं टोक दातानं तोडत म्हणाली, "पैसे माहे असू दे. त्यायनं आपल्या हातानं देल्ले ना? आता मांजर त्यायची झाली. आपल्या पैशाचं कोणी पोत्यात घालत नाई."

मला ते पटलं. पण राग गेला नव्हता, तो आजही पूर्ण गेलेला नाही. कारण त्या लग्नसराईत ती पहाटेपासून मशीनवर असायची, आणि भाजीला फोडणी द्यायलाही तिला सवड नसायची.

ऑपरेशनच्या दिवसाचं तर विचारूच नका. आमच्या ह्यांची भाजीची गाडी सकाळी चिखलीच्या बाजाराला जाते, तिच्यातच मांजरी न्यायच्या ठरल्या. एका कॅरेटवर दुसरं कॅरेट पालथं घालून सुतळीनं बांधायचं, आत एकेक मांजर. आदल्या संध्याकाळपासून त्यांना उपाशी ठेवायचं, नाहीतर भूल देता येत नाही, हे शकुताईनं घरोघर जाऊन दोनदोनदा बजावलं होतं. सकाळी एक म्हातारेबाबा आपला बोका घेऊन आले, आणि मोठ्या समाधानानं म्हणाले, "लेकराचं ऑपरेशन हाय म्हून वाटीभर दूध पाजून आणलं." तो बोका घरीच राहिला. दुसऱ्या एका बोक्यावरून गल्लीतल्या पुरुषांनी हुज्जत घातली. मांजरींचं करा, बोक्याचं काऊन? त्यानं काय पाप केलं? चार मोठमोठी माणसं त्या बोक्याच्या बाजूनं उभी राहिली. शकुताई सुतळी बांधत राहिली. बोक्याच्या मालकिणीनंच त्याला उचलून कॅरेटमध्ये कोंबलं आणि सांगितलं, पैसे मी देल्ले हायेत.

आणि चिंधी? जिच्यापायी हा सगळा घाट घातला, ती कॅरेट बांधायच्या क्षणाला शकुताईच्या हाताला बोचकारून भिंतीवरून पसार झाली. आम्ही मेथीच्या जुड्यांमध्ये बसून बाकीच्या मांजरी घेऊन गेलो. रस्ताभर त्यांचा असा आक्रोश चालला होता की नाक्यावर लोक गाडीजवळ येऊन बघत होते. डॉक्टर बिचारे दिवसभर उभे होते. टाके चाटू नयेत म्हणून मांजरीच्या गळ्यात घालायची ती प्लास्टिकची गळपट्टी असते, तिचे वेगळे पैसे पडणार होते. शकुताईनं पिशवीतून ब्लाऊजच्या अस्तराची झबली काढली. पाठीवर नाड्या, पायांना भोकं. आदल्या आठवड्यात ती टेप घेऊन मांजरींची मापं घेत फिरली होती, तेव्हा मी तिला वेड लागलं म्हणाले होते. पुढं आठवडाभर अमडापुरात गुलाबी, मोरपंखी, आंब्याच्या रंगाची झबली घातलेल्या मांजरी कौलांवरून फिरत होत्या. बाजाराला आलेली माणसं थांबून बघायची.

चिंधी मात्र राहिली. ती पुन्हा पोटमाळ्यावर चढून बसायला लागली, तेव्हा माझा संयम सुटला. शकुताई एका नातलगाच्या लग्नाला साखरखेर्ड्याला गेली होती. मी ह्यांच्या मदतीनं चिंधीला पकडलं, चिखलीला नेलं, पैसे भरले, आणि घरी आणून तिच्याच दारात सोडलं. माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे होते, सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घ्यावी लागली. शकुताई परतली, तिनं चिंधीच्या पोटावरचे टाके बघितले आणि माझ्याशी बोलणंच बंद केलं. कितीतरी दिवस. भिंतीपलीकडे मशीन चालायचं, पण हाक नाही. मीही नाही मारली. मग एके दुपारी ती आली आणि ओट्यावर घडी घातलेले ब्लाऊज ठेवून गेली. कितीतरी. मी तिला कापड दिलं नव्हतं, माप दिलं नव्हतं. एकही कुठं सैल नव्हता की घट्ट नव्हता. वर म्हणाली, "फिटलं. आता चिंधी दोघींची." मी कपाळावर हात मारून घेतला. हेच तर मी पहिल्या दिवशी म्हणत होते.

आता तिला जाऊन महिना होऊन गेला. मुलगा येऊन सगळं करून गेला. दिवसभर आईच्या खोलीत बसून होता. मशीन विकावं वाटेना, म्हणून किल्ली माझ्याकडे ठेवून पुण्याला परतला. लोकांचे कापून ठेवलेले ब्लाऊज मी ज्याचे त्याला देऊन टाकले. परवा वरच्या गल्लीतली एक सून आली होती, घरात उंदीर फार झालेत, एखादं पिल्लू मिळेल का विचारत. मी म्हटलं, इथं पिल्लू नाही. खरंच नाही. सात वर्षं झाली, आमच्या दोन्ही वस्त्यांत पिल्लू दिसलेलं नाही. मागच्या हिवाळ्यात शकुताईच मला म्हणाली होती, "पिल्लं नाई तं सुनं वाटून राह्यलं व." तेव्हा मी तिच्यावर इतकी उखडले होते… एवढा खटाटोप स्वतः करून वर हे.

दुपारी मी तिची खोली उघडते. खिडकी उघडली नाही तर कापडांना वास लागेल, म्हणून. खिडकी उघडली की मांजरी आपोआप येतात आणि कापड कापायच्या टेबलावर उन्हाच्या पट्ट्यात एकमेकींना चिकटून झोपतात. त्या आता म्हाताऱ्या होत चालल्या आहेत, आणि त्यांच्यानंतर कोणी नाही. चिंधीला तर टेबलावर उडी घेता येत नाही. ती खाली उभी राहून माझ्याकडे बघत राहते. घरी माझा सगळा स्वयंपाक पडलेला असतो. मला मांजरी आवडत नाहीत, कधीच आवडल्या नाहीत. मी पदर खोचते, वाकते आणि तिला उचलून वर ठेवते.