रिस्टार्टवर चालणारा प्रोग्राम

ऑफिसात तिला घोरपड म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. एखादी चूक धरली की ती सोडत नसे.

या खेपेची चूक मात्र हातीच लागत नव्हती. एका हॉस्पिटलच्या लॅबमधून रक्ततपासणीचे निकाल ठरावीक साच्यातल्या एक्सएमएल फाइलींतून येत. ऑफिसने लॅबसाठी बनवलेला प्रोग्राम ते वाचून रिपोर्ट छापायचा आणि त्यावर डॉक्टर औषधं ठरवायचे. मधूनच हा प्रोग्राम मेमरीच्या नावाने बोंब मारून आडवा पडे. साहेबांचा रामबाण उपाय एकच, रिस्टार्ट. सगळं ऑफिस त्याला सरावलं होतं.

"पडतो तसा उठतोही ना? मग कशाला उकरून काढतेस?" साहेब म्हणाले.

"का पडतो ते कळल्याशिवाय मी जेवायलाही उठणार नाही," ती म्हणाली, आणि खरोखरच उठली नाही. नवऱ्याने भरून दिलेला डबा तसाच गार झाला.

प्रोग्रामला पाडणारी एक फाइल तिने घेतली. अर्धी कापली, चालवली. पडला. पुन्हा अर्धी केली. पुन्हा पडला. शेवटी फाइलीत दोनच रुग्ण उरले, तेव्हा पठ्ठ्या पडलाच नाही! ती हिरमुसली. तरी सवयीने तिने रिपोर्ट वाचला. पहिल्याच्या नावापुढे दुसऱ्याचा निकाल होता.

मग गोम सापडायला वेळ लागला नाही. निकाल वाचून झाला की मेमरीतली त्याची जागा लगेच रिकामी केली जाई, आणि छापताना प्रोग्राम पुन्हा त्याच जागी जाई. भाडेकरू सोडून गेला तरी त्याच दारावर थाप मारावी, तसं. घर पाडलेलं असलं तर प्रोग्राम कोसळे. नवा भाडेकरू आलेला असला तर त्याचाच निकाल बिनदिक्कत छापला जाई.

दुरुस्ती दोन-चार ओळींत झाली. साहेब खूश.

"झालं ना? आता जुन्या रिपोर्टांबद्दल कुठे ब्र काढू नकोस. गिऱ्हाईक जाईल."

तिला संताप आला. "पडला तेव्हा आपल्याला कळलं तरी, साहेब. न पडता जे छापलं, ते लोकांच्या हातात आहे!"

तिने त्यांच्यासमोरच लॅबच्या प्रमुख बाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळं सांगून टाकलं.

"फोन ठेवू नका," बाई म्हणाल्या. "एका आजोबांना आमच्याच रिपोर्टवरून आत्ता ऑपरेशनला नेताहेत. मी थांबवते त्यांना."

तिने फोन ठेवला नाही.