काळी गाडी

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग काढायचो आणि माझा मित्र ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, बनवायचा. आमचं जमलं ते एका फाटक्या परदेशी मासिकामुळे. उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडे मला ते मिळालं होतं. आत जुन्या फ्रेंच मोटारींचे फोटो होते. लांबलचक बॉनेट, पाण्याच्या थेंबासारखे मडगार्ड. त्यातल्या एका काळ्या गाडीचा फोटो त्याने कापून घेतला आणि हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला.

मग आम्ही दोघंही अशा गाड्यांची छोटी मॉडेलं जमवायला लागलो. धातूची, तळहातावर मावतील एवढी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आमच्या बाजारात असलं काही मिळत नसे. त्याचा मेहुणा जहाजावर नोकरीला होता, तोच बंदराबंदरांतून शोधून आणायचा.

एकदा मेहुण्याने सुट्टीवर येणाऱ्या सोबत्याच्या हाती पार्सल पाठवलं. तो सोबती उल्हासनगरच्या कॅम्प चारला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. मित्राचं घर बदलापूरला, बेलवलीत. तो म्हणाला, "तूच घेऊन ये रे जाता जाता."

आणलं, आणि घरी येऊन उघडलं. आत दोन डब्या होत्या. एकीत करडी गाडी, साधीच. दुसरीत ती काळी, झाकणावरच्या फोटोतली, हुबेहूब. सोबत चिठ्ठी होती. 'दाजी, काळी तुमच्यासाठी. फार शोधली. करडी तुमच्या मित्राला द्या.'

चिठ्ठी मी फाडून टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात करडी ठेवली आणि म्हणालो, "ही तुझी. काळी मला दिलीय."

त्याने करडी उलटसुलट करून बघितली. मग हसून म्हणाला, "नशीबवान आहेस लेका."

पुढे दोन वर्षं तो जवळजवळ दर रविवारी माझ्याकडे यायचा. चहा पिऊन झाला की कपाट उघडायला लावायचा. काळी गाडी हातात घ्यायचा नाही, नुसती वाकून बघायचा. एकदा सागवानाचा छोटा स्टँड घेऊन आला, पॉलिश केलेला, चाकांच्या मापाच्या खाचा पाडलेला. "हिला असं फळीवर ठेवणं बरं दिसत नाही," म्हणाला. बायको कौतुकाने म्हणाली, "भाऊजींचा हात बघा कसा आहे!" मला मान वर करवेना. तो स्टँड बघितल्यापासून मला ती गाडी नकोशी झाली, तरी सोडवतही नव्हती.

मग एका शुक्रवारी कॅन्टीनमध्ये तो म्हणाला, "मेहुणा येतोय पुढच्या आठवड्यात, दोन वर्षांनी. त्याला तुझ्याकडे आणतो, काळी कशी ठेवलीयस ते दाखवायला."

मी ताट तसंच पुढे सरकवलं.

रविवारी मी बेलवलीला गेलो. वहिनी आत स्वयंपाक करत होत्या. मी पिशवीतून गाडी काढली, स्टँडसकट त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, चिठ्ठीसुद्धा. त्याने गाडी उचलली. पहिल्यांदाच. चाकं बोटाने फिरवून बघितली.

मग विचारलं, "मेहुणा येतोय म्हणून सांगतोयस?"

"नाही रे," मी म्हणालो. "कधीपासून मनात होतं."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि मान हलवली. "बरं झालं आपणहून सांगितलंस. दुसऱ्याकडून कळलं असतं तर तुझं तोंड बघितलं नसतं मी." आणि आत वळून म्हणाला, "अगं, ह्याचंही पान वाढ."

मी जेवलो. मेहुणा आला तेव्हा काळी गाडी बेलवलीच्या कपाटात होती. करडी मित्राने मला आणून दिली. मेहुण्याला त्याने एका शब्दाने काही कळू दिलं नाही. आमचे रविवार पहिल्यासारखेच चालू राहिले, त्याच्या पोरीच्या लग्नात मी सगळ्यांच्या पुढे होतो. तो लोकांना सांगायचा, हा माणूस खोटं पचवू शकत नाही. दर वेळी मी हसून मान खाली घालायचो, आणि लोकांना तो विनय वाटायचा.