दाजी आणि स्टेअरिंगचा जोड

कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिचं स्टेअरिंग हलवून बघायची आमच्या दाजींना खोड होती. टॅक्सी असो, मालट्रक असो, आधी खिडकीतून हात घालून चाक डावी-उजवीकडे गदागदा हलवायचं आणि मगच गाडीवाल्याला नमस्कार. माझ्या लग्नात वरात निघायची वेळ झाली होती. फुलांनी मढवलेली मोटार दारात उभी, आणि माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान हारांमधून हात घालून चाकाशी झटतायत! सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दाजी शांतपणे म्हणाले, "पावणं, राग मानू नगा. पोरगी आमची बसणार हाय की हितं."

दाजींचा उद्यमनगरात लेथचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि दाजींचा आवाज. बोलणं असं की शेजारच्या फौंड्रीतही ऐकू जावं. मी नुकतीच शिक्षिका झाले होते, म्हणून मला ते "मास्तरीणबाई" म्हणत, आणि मी चहा घेऊन गेले की सगळी कामं थांबवून माझी परीक्षा घेत. "सांगा मास्तरीणबाई, जोड दिसू न्हाई असं कोण म्हणतंय? सुतार. आनि जोड दिसलाच पायजे असं कोण म्हणतंय? मी!" असं म्हणून स्वतःच मोठ्यांदा हसत.

त्या काळी नवी मोटार नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. दाजींना वाट बघणं जमत नसे. त्यांनी लिलावातली मोडकी जीप आणली, दुसरीकडून इंजिन, तिसरीकडून स्टेअरिंगचं चाक आणि दांडा, आणि शेडच्या मागच्या अंगाला स्वतःची मोटार जुळवायला घेतली. माझी बहीण आक्का म्हणायची, "ह्या घरात मला सवत आली, तीबी भंगारातली." पण संध्याकाळी दाजी गाडीखाली असले की दिवा धरायला तीच उभी असायची.

सगळ्यात जास्त दिवस अडलं ते स्टेअरिंगच्या दांड्यावर. चाकाकडून येणारा दांडा जाड, चाकं वळवणाऱ्या खालच्या पेटीतून येणारा बारीक, आणि मधे वीतभर अंतर. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणे, टोकाला टोक लावा आणि वेल्डिंग मारा. दाजींचं डोकं फिरायचं. "वेल्डिंग सुटलं तर चाक हातात आन् गाडी देवाच्या हातात!" त्यांनी दोन्ही टोकांवर बसेल अशी जाड नळी लेथवर काढली. तिच्यातून आणि दांड्यातून आरपार भोकं पाडायची, बोल्ट घालायचे, बोल्ट फिरून निघू नये म्हणून पिना मारायच्या, असा त्यांचा बेत. शिवाय खालच्या भागात क्रॉसचे दोन फिरते सांधे बसवून त्यांनी दांड्याला मुद्दाम बाक दिला. मी विचारलं, सरळ का नाही? त्यांनी माझ्या हातातली छत्री घेतली आणि तिची मूठ स्वतःच्या छातीवर टेकवली. "सरळ दांडा ठोकरीसरशी मागं येतोय. मागं कोण हाय? बसणारा मानूस. बाक असला तर मधल्यामधी दुमडंल."

खंडेनवमी आली तेव्हा नळी बसली होती, पण नुसत्या वेल्डिंगच्या टाक्यांवर, माप बघण्यापुरती. भोकं पाडायची राहिली होती. अपुऱ्या कामावर खडूनं "कच्चं" असं लिहून ठेवायची दाजींची पद्धत होती, तसं त्यांनी नळीवर ठळक लिहिलं. आणि मग हत्यारं पूजेला मांडली. एकदा ड्रिलला हळदीकुंकू लागलं की दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ह्या बाबतीत दाजी भलते कडक. कुणी गळ घातली असती तरी त्यांनी ऐकलं नसतं.

पूजेसाठी शेड धुवायचं काम दरवर्षी आक्काचं. त्या वर्षी गाडीचीही पूजा होती. तिनं ओल्या फडक्यानं बॉनेट पुसलं, चाकं पुसली, दांडा पुसला आणि कुंकवाची बोटं ओढली. झेंडूच्या माळांत ती भंगारातली सवत अगदी पुरी होऊन उभी राहिली.

दाजींचा धाकटा भाऊ वसंता तेव्हा कॉलेजात होता. शिवाजी पेठेतल्या तालमीचा पोरगा, फुटबॉलचा वेडा, तालमीच्याच संघात नुकतीच जागा मिळालेली. दसऱ्याच्या दुपारी दाजी जेवून आडवे झाले आणि हा मित्रांना गाडी दाखवायला म्हणून घेऊन गेला. कळंब्याच्या रस्त्याला एका वळणावर वेल्डिंगचे टाके तुटले. चाक हातात नुसतंच गरगरलं आणि गाडी सरळ जाऊन दगडी कठड्यावर आदळली. दांडा बाकातून दुमडला, म्हणून छाती शाबूत राहिली. डॉक्टरांनी तसं दोनदा सांगितलं. पण गुडघा असा चेचला होता की पुन्हा कधी पुरता वळला नाही. फुटबॉल तिथंच संपला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आक्काच्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर दाजींना विचारलं, "काम कच्चं हुतं तर खूण का केली न्हाईस रं?"

"केलती की," दाजी म्हणाले. "मीच पुसली. पूजेला."

आक्का माझ्या शेजारी जेवणाचा डबा घेऊन उभी होती. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की मला दुखलं. घरी येताना म्हणाली, "मी पुसलं गं. त्यास्नी म्हाईत हाय मी पुसलं." बस्स. त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही, आणि दाजींनीही नाही.

गाडी दाजींनी स्वतःच्या हातानं सोडवून तिचे भाग वाटून टाकले. वसंताला त्यांनी शेडमध्येच बसून करायचं काम दिलं. पुढं गावात कुणी गाडी जुळवतोय असं कानावर आलं की बोलावणं नसताना दाजी तिथं हजर. गाडीखाली शिरून जोड बघायचे, नुसतं वेल्डिंग दिसलं तर भांडायचे, आणि तरीही मालकानं ऐकलं नाही तर स्टेअरिंगचं चाक काढून घरी घेऊन यायचे. लोक चिडत, शिव्या देत, पण शेवटी बोल्ट मारून घेत. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. घरात मात्र काहीतरी कायमचं बिनसलं होतं. आक्का शेडकडं फिरकेना. जेवताना पहिली गरम भाकरी वसंताच्या ताटात पडायची, आणि वाढताना ती त्याच्याकडं बघायची नाही. लंगडत तो अंगणातून गेला की ती आत निघून जायची. दाजींच्या हे ध्यानात आलं असेल असं मला आजही वाटत नाही. लोखंडातला बारीकसा तडा त्यांना लांबून दिसायचा.

दाजी गेले ते अचानक, छातीत दुखून. दहाव्याला घाटावर सगळं आटोपल्यावर वसंता माझ्याजवळ येऊन पायरीवर बसला.

"ताई, ती खूण वहिनीनं पुसली," तो म्हणाला. "मी तितंच हुतो. पण त्याच्या आधी मी ती वाचलीबी हुती. कच्चं हाय म्हाईत असून गाडी न्हेली."

मी त्याच्याकडं वळून बसले.

"दादाला मी दवाखान्यातच सांगितलं. त्यो म्हणाला, गप बस, कुनाला बोलू नगंस, आईला कळलं तर तुला जन्मभर बोल लावंल. पाय गेलाय, तेवढं बास."

मला दाजींचा राग आला. त्यांच्या नावानं पाणी सोडून तास झाला नव्हता आणि मला त्यांचा सडकून राग आला. भावाला त्यांनी झाकलं, बायकोला झाकलं, आईचा सगळा बोल स्वतः सोसला. पण वसंतानं खूण वाचली होती हे आक्काला कधी कळू दिलं नाही, आणि ती स्वतःलाच दोष देत राहिली.

घरी आल्यावर मी आक्काला एका बाजूला घेतलं आणि वसंता जे बोलला ते सगळं सांगितलं.  ऐकताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं मान वर केली, पण माझ्याकडं नाही, भिंतीवरच्या दाजींच्या फोटोकडं बघितलं.

"एकदा तरी बोलायचं हुतं की वो," ती म्हणाली.