भिंत गाळून वाचलेली गोष्ट

माझी गोष्ट साहेब वाचत होते आणि मी दाराशी उभा होतो. खुर्च्या रिकाम्या होत्या. बस कुणी म्हणालं नाही, म्हणून बसलो नाही.

अंबरनाथला साहेबांच्या बंगल्यात रविवारी साहित्याची बैठक भरायची. त्यांनीच मला बोलावलं होतं. तिथला रिवाज असा, की नव्या माणसानं आपलं लिखाण स्वतः वाचायचं नाही. जुना सभासद वाचणार. का, तर उच्चार शुद्ध हवेत. आमचं तोंड काय खरकटं होतं? मी मोरिवलीचा, आगरी घरातला. साहेबांच्याच हाताखाली कारखान्यात तपासणीला होतो. माल तडकला की का तडकला ते शोधायचं. त्यासाठी ते माझी पाठ थोपटायचे.

गोष्ट माझ्या बहिणीची. खरी. शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्पच्या रस्त्यांना मुरूम हवा होता. ठेकेदारानं गावालगत खणलं आणि खड्डा तसाच सोडला. पावसात तो भरला. विहिरीची जुनी वाट आमच्याच कारखान्याच्या भिंतीनं अडवली, म्हणून बाया खड्ड्याच्या काठानं पाण्याला जायच्या. बहीण हंड्यासकट त्यात गेली. आई छाती पिटत एकच विचारत होती, "माजी पोर तिकरून कनाला गेली?" त्या वाटेनं कशाला गेली. हे सगळं मी लिहिलं होतं.

साहेबांनी खड्डा वाचला. हंडा वाचला. आईचं रडणं असं वाचलं, की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. भिंत वाचलीच नाही. ठेकेदार नाही. आईचा प्रश्नही नाही. मला आधी वाटलं, पान उलटताना चुकलं असेल. मग कळलं, वाचता वाचता गाळतायत. राग आला नाही. रडूही नाही. अंग नुसतं लाकूड झालं होतं. टाळ्या पडल्या त्याही लांबून ऐकल्यासारख्या वाटल्या.

साहेब म्हणाले, "तुझं डोकं चिकित्सेचं. ते कारखान्यात ठीक. गोष्टीला मन लागतं. रिपोर्टासारखं होतं तेवढं काढलं. बघ, लोक रडले."

लोक रडले. कशामुळे गेली ते न कळताच रडले. तडकलेल्या मालाला कारण असतं, माझ्या बहिणीला नको?

आई रडत होती आणि विचारत होती. एकाच तोंडानं. यातलं एक मनाचं आणि एक डोक्याचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी पुढं गेलो. साहेबांच्या हातातून कागद घेतले.

"गाळलेलं मी वाचतो."

"अरे, सभा संपली."

मी वाचलं. भिंत वाचली, ठेकेदार वाचला. 'कनाला' आलं तेव्हा मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी थांबलो नाही. संपेपर्यंत निम्मे लोक चपला घालत होते. साहेब खिडकीबाहेर बघत होते. पुन्हा त्यांनी माझी पाठ कधी थोपटली नाही.

तेव्हापासून माझं लिखाण मी दुसऱ्याच्या तोंडी देत नाही. लिहायला बसलो की आधी भिंत लिहितो. ज्याला रडायचंय त्यानं ती ऐकून रडावं.