डावा हात पाठीमागे

माझ्या आत्याला "तुला जमणार नाही" असं म्हणायची चूक शहाणा माणूस एकदाच करतो. तिच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, ती आयुष्यभर केली. पण तो पडला एकुलता एक, त्याला सगळं माफ.

गेल्या वर्षी आत्या गॅसवर दूध ठेवून विसरली आणि पातेल्याचा कोळसा झाला. दादाने गॅसच काढून नेला. मायक्रोवेव्ह घरात होताच. "यावर भागतंय तोवर एकटी राहा," त्याने बजावलं, "नाही भागलं तर मुकाट्याने माझ्याकडे यायचं." आत्या हो म्हणाली. शब्दाची पक्की आहे ती, पंचाईत तीच.

आणि एका रविवारी मायक्रोवेव्ह बंद पडला. दादा आला तो मोठी रिकामी बॅग घेऊनच. मी भाजी द्यायला आले होते, ती तिथेच थांबले. हे भांडण मला चुकवायचं नव्हतं.

"नवा घेऊ या की," मी म्हटलं.

"नवा हा आणणार, म्हणजे घर याच्या मर्जीवर चालणार," आत्या म्हणाली. "हा जुनाच माझ्या हातून सुरू झाला, तर घर माझं. स्क्रूड्रायव्हर दे."

"आई, तुला दुधाची आठवण राहत नाही आणि विजेच्या यंत्रात हात घालतेस?" दादा म्हणाला. खरं सांगायचं तर धडकी मलाही भरली होती.

आत्याची सगळी नोकरी टीव्ही दुरुस्तीच्या कारखान्यात गेली. दादाचे वडील लवकर गेले, तेव्हा ती खोकी बांधायच्या कामाला लागली आणि बघून बघून दुरुस्तीच्या टेबलापर्यंत पोचली. तिने दुरुस्त केलेला टीव्ही कधी परत आला नाही, असं तिचे साहेब म्हणायचे. आत्या स्वतःही म्हणते, आणि जरा जास्तच वेळा म्हणते. त्या पगारावर दादा शिकला, हे मात्र ती कधी म्हणत नाही. ते मी म्हणते.

तिने आधी प्लग काढला आणि वायर गुंडाळून समोर ठेवली, दिसेल अशी. मागचे स्क्रू काढले, पत्रा उचलला. आणि थांबली. डोळे मिटून नुसती बसून राहिली.

दादाने माझ्याकडे बघितलं. बघ, विसरली, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. तो पुढे झाला आणि "मी धरतो" म्हणत आत हात घालायला गेला.

फाडकन त्याच्या हातावर चापट बसली.

"प्लग काढला तरी आत वीज साठून बसते, बाळा. तिला वाट करून द्यावी लागते, मगच हात लावायचा." मग तिने डावा हात पाठीमागे नेला आणि कमरेशी घट्ट धरला. कारखान्यातली शिस्त. एकच हात पुढे, म्हणजे चुकून वीज आलीच तरी छातीतून जात नाही. उजव्या हाताने, रबरी मुठीच्या हत्याराने तिने ती साठलेली वीज उतरवली. चट् असा आवाज झाला. दादा दोन पावलं मागे. दूध विसरणारी बाई यातलं काहीही विसरली नव्हती.

"आता ऐक," ती म्हणाली. "सकाळी दार लावलं तरी आतला दिवा विझत नव्हता. म्हणजे त्याला वाटतंय, दार उघडंच आहे, म्हणून सुरू होत नाही." तिने बोटाने दार हलवलं. बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली आलं होतं, त्यामुळे त्याचा आकडा आतल्या कळीपर्यंत, म्हणजे दार लागलं हे ओळखणाऱ्या बटणापर्यंत, पोचतच नव्हता. "दर रविवारी भांडी घासून ओलाचिंब टॉवेल या उघड्या दारावर कोण वाळत घालतं?"

दर रविवारी येऊन भांडी घासणाऱ्या दादाची नजर खुर्चीकडे गेली. टॉवेल आत्ताही दारावरून काढून खुर्चीवर टाकलेला होता.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हटलं. मला राहवलंच नाही.

आत्याने दार वर उचलून स्क्रू आवळले, आकडा कळीवर नीट बसतो का ते पाहिलं, पत्रा लावला. प्लग घातला. दार लावताच दिवा विझला. कपभर पाणी आत ठेवून तिने बटण फिरवलं, तर कप गरगर फिरायला लागला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अशी आत्या मला मिळाली, याचा मला एवढा अभिमान वाटला की टाळ्याच वाजवल्या.

ती मात्र घंटी वाजेपर्यंत ओव्हनपाशी उभी होती. वाफाळतं पाणी दादापुढे ठेवलं.

"बोट लावून बघ, तापलंय का." दादाने लावलं आणि पटकन मागे घेतलं.

"मग बॅग नेतो परत," तो पुटपुटला.

"रिकामी कशाला नेतोस? तुझे शाळेतले स्वेटर माझ्या कपाटात जागा अडवून बसलेत. ते भर."

आणि दादा मुकाट्याने स्वेटरच्या घड्या घालायला बसला.