राण्याचा खोकला

खोकला जुना झाला की त्याचे किस्से साठत जातात. घाटकोपरच्या आमच्या चाळीत राणे आणि मी समोरासमोर राहतो. पूर्वी एकाच मिलमध्ये होतो. राण्याचा खोकला तीन महिने हटला नाही, त्यातले हे काही.

*

सुरुवातीला तो शेजारच्या सावंतवहिनींच्या फोडणीला दोष द्यायचा. एकदा खोकत खोकत त्यांच्या दारात गेला.

"वहिनी, मिरच्या जरा कमी!"

"भावजी, आज माझा उपास. सकाळपासून गॅस पेटवलेला नाही!"

*

सून स्मिताने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोबत मीही होतो. बाईंनी विचारलं, "विडी ओढता? छातीत जळजळ? दम लागतो?" सगळ्याला नाही. मग त्याची प्रेशरची गोळी बघून म्हणाल्या, "कधी कधी हिच्यामुळेही खोकला येतो. बदलून देते."

राणे खूश! रोज मला सांगायचा, "नाना, आज कमी आहे हं." आणि एवढं सांगतानाही दोनदा खोकायचा.

*

महिन्याने बाईंनी थुंकी तपासायला सांगितली. "टीबी असला तरी औषधाने बरा होतो, काका. पण आधी कळायला हवा. तोवर नातीला जवळ घेऊ नका."

राणे बाहेर येऊन जिन्यावरच बसला. त्याची नात चिऊ आठ महिन्यांची. त्याच्या मांडीशिवाय झोपत नसे.

"टीबी निघाला तर स्मिता तिला घेऊन माहेरी जाईल रे, दिंडोशीला."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबी घेऊन माझ्या दारात उभा.

"नाना, तू थुंक यात."

"वेडा झालास काय?"

तो हलला नाही. त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी डबी घेतली.

"खोलवरून काढ रे, नुसती लाळ चालत नाही म्हणालेत!"

*

रिपोर्ट चांगला आला. स्मिताने शिरा केला, सगळा मजला जमला. चिऊला घेऊन ती सासऱ्यासमोर आली.

"घ्या बाबा! किती दिवस रडतेय तुमच्याकडे यायला."

चिऊने दोन्ही हात पुढे केले. राण्याने आपले हात पाठीमागे नेले.

"रुसलात का, बाबा?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली.

"स्मिता, तिला घेऊन मागे हो. ती थुंकी नानाची आहे."